वोरेम ते सारान, एकोणीस मिनिटं

वोरेमहून सारानला बोटीनं जायचं तर अख्खा दिवस जातो आणि पोटातलं सगळं समुद्राला द्यावं लागतं. विमानानं एकोणीस मिनिटं. अंतर सहासष्ट किलोमीटर, मध्ये नुसतं पाणी. आभाळ निवळलेलं असलं की वोरेमच्या धावपट्टीवरून सारानचा डोंगर दिसतो, पाण्यात बसलेल्या गाईसारखा, निळसर.

धावपट्टी म्हणजे गवताचा लांबलचक पट्टा. एका टोकाला पत्र्याची खोली, खोलीत टेबल, वायरलेस, भिंतीवर घड्याळ आणि कंपनीनं चिकटवलेला वेळांचा तक्ता. दारात माणसं तोलायचा काटा. हे सगळं मिळून वोरेमचा विमानतळ, आणि त्याची एजंट मेरेलिन. तिच्या मदतीला बोए मामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ, वय सत्तर. कागदोपत्री त्यांचं काम आग विझवण्याचं. एकवीस वर्षांत आग लागली नाही, त्यामुळे ते धावपट्टीवरची डुकरं हाकलतात.

"मेरेलिन, किलो मोठ्यानं सांगू नकोस हां," काट्यावर चढता चढता पाद्रीबाई कुजबुजल्या. गुरुवार होता, सकाळचे दहा.

"वायरलेसवर तर सांगावंच लागतं, बाई."

"मग निदान टोपलीत जास्त धर आणि माझ्यात कमी."

"टोपलीत काय, दगड आहेत असं सांगू?" मामा दारातून म्हणाले. गवतावर बसलेल्या बायका खिदळल्या.

विमान उडालं की मेरेलिन वायरलेसवर यादी वाचते. नाव, वजन, टोपलीचं वजन. पलीकडे सारानची एजंट ते लिहून घेते. मग मेरेलिन खुर्चीतून उठत नाही. "उतरलं" असा निरोप येईपर्यंत कोणीच उठत नाही. पोचवायला आलेली माणसं गवतावर बसून राहतात, नारळ फोडत नाहीत, मूल रडलं तर त्याला छातीशी धरतात. असा कुठे नियम लिहिलेला नाही. सहा वर्षांपूर्वीपर्यंत लोक विमान उडालं की हात हलवून घरी जात. आता बसतात.

"सारान, वोरेम बोलतेय. दहा वाजून बारा मिनिटांनी उडालं. पाच जणं."

"बोल, वोरेम."

सारानची एजंट म्हणजे तिची मुलगी, लोसाना. पाच वर्षं झाली, ती आईला वोरेम म्हणते. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि गुरुवारी, त्या दोघी बोलतात. नावं, किलो, वेळ. वारा कसाय. ढग कुठवर आलेत. बस. आता बेटावर मोबाइलचा टॉवर आलाय, पण सारानचा तो एक नंबर वाजत राहतो, वाजत राहतो आणि थांबतो. नात पाच वर्षांची झालीय. वोरेमवरच्या प्रत्येक माणसाचं वजन मेरेलिनला तोंडपाठ आहे. नातीचं माहीत नाही.

दहा एकतीसवर घड्याळाचा काटा गेला. एकोणीस मिनिटं झाली. वायरलेसमधून नुसती खरखर.

मेरेलिननं टेबलाची कड धरली. दहा बत्तीस. दहा तेहतीस.

"वोरेम. सारान. उतरलं."

गवतावर हुश्श झालं. नारळ फुटले. मेरेलिननं वहीत लिहिलं, एकवीस. त्याच्यावर एकवीस. त्याच्याही वर एकवीस. लोसाना त्या खुर्चीत बसली त्याला पाच वर्षं झाली, आणि पाच वर्षांच्या वह्यांमध्ये दुसरा आकडा नाही. वारा समोरून असो की पाठीमागून, पायलट नवा असो की जुना, सारानहून इकडे यायला बरोबर एकोणीस आणि इकडून तिकडे जायला एकवीस.

"वाऱ्यामुळे असेल," मामा म्हणायचे.

"वारा काय रोज मोजून दोन मिनिटं वाहतो, मामा?"

मामा मग डुकरं बघायला जायचे.

मेरेलिनला वाटे, मध्ये पाण्यावर कुठेतरी ते विमान थांबतं. कोणाला तरी घ्यायला. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नव्हती; सांगितली असती तर लोकांनी विमानात बसायचंच सोडलं असतं आणि तिची नोकरी गेली असती. पण ती दोन मिनिटं तिला ऐकू येत. खरखरीच्या मागून कोणीतरी खाकरल्यासारखं, हळू, अदबीनं.

तसं खाकरायचा तिचा जावई.

त्या बेटांवर सासूनं जावयाच्या तोंडाकडे बघायचं नसतं. त्याचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचंही नसतं. जावई वाटेवर असला तर लांबूनच खाकरतो, म्हणजे सासूला बाजूच्या झाडीत वळून पाठ करता येते. अपमान म्हणून नव्हे, मान म्हणून. मेरेलिननं हे लहानपणापासून पाहिलेलं, तिची आई तशीच वागली, आजी तशीच. आणि नोकरी मात्र अशी, की बेटावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं आणि मोठ्यानं वाचायचं. म्हणून ठरलेलं होतं. जावई जाणार असला की त्याच्या ओळीत ती फक्त वजन लिही, नाव मामा आपल्या वाकड्या अक्षरात लिहीत, आणि वायरलेसवर ती ओळ आली की ती उठून बाजूला होई व मामा खुर्चीत बसून तेवढंच नाव वाचत. चार वर्षं हे बिनबोभाट चाललं.

तो काट्यावर चढला की ती मान खाली घाली. त्यामुळे जावयाचा चेहरा तिला माहीत नव्हता, पाय माहीत होते. रुंद, भेगाळलेले, डाव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं. एकाहत्तर किलो. तिच्या मुलीचं सुख एकाहत्तर किलोचं आहे, हे तिला पटलं होतं. पाय प्रामाणिक होते.

सहा वर्षांपूर्वी तो यामच्या कंदांची पहिली टोपली घेऊन आला होता. हंगामातले पहिले याम जावयानं सासूला आणून द्यायचे अशी रीत, आणि त्या वर्षी सोबत लोसानाला दिवस गेल्याची बातमीही होती. बातमी त्यानं मामांना सांगितली, मामांनी कुडापलीकडे उभ्या मेरेलिनला सांगितली, आणि कुडापलीकडून ती हसल्याचं त्याला ऐकू गेलं असणार. दुसऱ्या दिवशी तो परत निघाला. टोपलीत तिनं लोसानासाठी किसलेल्या कंदाचं लाप्लाप भाजून दिलेलं, केळीच्या पानात, अजून गरम. टोपली बारा किलो.

दक्षिणेकडून ढग चढत होता. पायलट घाई करत होता. इंजिन सुरू झालं आणि नेमकं धावपट्टीवर डुक्कर आलं. मामा काठी घेऊन धावले. डुक्कर झाडीत शिरलं, मामा मागोमाग. विमान उडालं. वायरलेसवर तेव्हाचा सारानचा म्हातारा एजंट ओरडत होता, "लवकर वाच बाई, इथे विजा चमकतायत!"

मेरेलिननं सहा नावं वाचली. सातव्या ओळीत नाव नव्हतं. मामा नव्हते. तिनं दाराकडे पाहिलं, कोणी नव्हतं.

"आणि आणखी एक," ती म्हणाली. "एकाहत्तर किलो. टोपली बारा."

मामा परतले तोवर विजांच्या खरखरीत सारानला काही ऐकू जाईना. विमान ढगात शिरलं ते शिरलंच. एकोणीस मिनिटं झाली, तीस झाली, तास झाला. मग पाऊस आला, तीन दिवस ऊन नाही, आणि उन्हावर चालणारी वायरलेसची बॅटरी बसली. तेव्हा टॉवर नव्हता. सारानच्या म्हाताऱ्यानं त्याच्या कागदावरची सहा नावं गावाला वाचून दाखवली. लोसाना पोटावर हात धरून पुढे झाली तेव्हा तो म्हणाला, "तुझा नाहीये गं पोरी. तुझी आईच तर यादी वाचत होती. असता तर बोलली नसती का? आणखी कोणीतरी एक होता."

आईला नाव घेता येत नाही, हे लोसानाला ठाऊक होतं. पण त्या वेळी तिला ते ठाऊक नसणंच हवं होतं. तीन दिवस तिनं इतरांच्या घरी चुली पेटवल्या, रडणाऱ्या बायकांची डोकी मांडीवर घेतली. एका बाईला ती म्हणाली, "मी नशीबवान गं." मोठ्यानं म्हणाली. चौथ्या दिवशी ऊन पडलं, बॅटरी चढली आणि मामांनी वायरलेसवर ते नाव सांगितलं.

म्हातारा एजंट त्यानंतर काम सोडून गेला. वर्षभरानं मूल पाठीला बांधून लोसाना त्या खुर्चीत जाऊन बसली. समुद्रानं कोणालाच परत दिलं नाही, विमानाचा पत्राही नाही.

पाद्रीबाईंचं विमान पोचल्यावर गवत रिकामं झालं. मेरेलिन खोलीला कुलूप घालायला उठली आणि दारात थबकली. रिकाम्या काट्याची सुई शून्यावर नव्हती.

"मामा."

मामा आले, वाकले. सुई एकाहत्तरावर होती. मामांनी काट्याला पायानं हळूच ढोसलं. सुई हलली नाही.

"गंजलाय," मामा म्हणाले. मग म्हणाले, "त्या दिवशीच्या डुकराचं मटण मी आजवर तोंडात घातलं नाही, पोरी. सगळ्या गावानं खाल्लं."

"मला माहितीये, मामा."

पुढच्या मंगळवारी सारानकडचं आभाळ भरलेलं होतं, विमान वोरेमलाच अडकलं. पायलट कॅप्टन मोली ह्या मार्गावर नवा, गोल तोंडाचा, बोलका. मेरेलिननं त्याला चहा आणि भाजलेला टारोचा कंद दिला. तो दारात बसून खात होता. काट्यावर कोणी चढत नव्हतं; माणसांचे किलो त्या दिवशी तिनं विचारून लिहिले होते.

"कॅप्टन," ती म्हणाली, "एक विचारू? इथून सारानला किती वेळ लागतो?"

"हे तुम्ही मला विचारताय? तक्ता तुमच्याच भिंतीवर आहे."

"तुम्हाला किती लागतो?"

"एकोणीस. कधी साडेअठरा."

"माझ्याकडे निरोप एकविसाव्या मिनिटाला येतो."

तो चावायचा थांबला. "तुम्हाला माहीत नाही? आमची पायलट पोरं म्हणाली सगळ्यांना माहितीये. आम्ही नवे लोक आधी भांडतो, मग सोडून देतो." त्यानं टारो पानावर ठेवला. "मी एकोणिसाव्या मिनिटाला उतरतो. इंजिन बंद करतो. माणसं उतरतात, टोपल्या उतरतात. मग मी दार लावायला जातो आणि तुमच्या त्या सारानच्या बाई मला लावू देत नाहीत. दाराशी उभ्या राहतात, आत बघत. मी पहिल्यांदा म्हटलं, बाई, संपली माणसं. तर म्हणाल्या, थांबा जरा, एक जण सगळ्यात शेवटी उतरतो, त्याला घाई आवडत नाही."

मेरेलिननं वही पुढे ओढली.

"दोन मिनिटं," कॅप्टन मोली म्हणाला. "मग त्या स्वतःच म्हणतात, लावा. आणि तुम्हाला निरोप द्यायला जातात. खरं सांगू? पहिल्या महिन्यात मला हसू यायचं. आता मी टोपी काढून उभा राहतो. त्या दोन मिनिटांत मागच्या सीटचा पट्टा... जाऊ दे. चहा छान आहे."

"पट्ट्याचं काय?"

"बांधलेला असतो, बाई. रिकाम्या सीटचा. मी वोरेमला स्वतः सगळे सोडून ठेवतो." तो उठला, ढगाकडे बघत राहिला. "गंजले असतील बकल. समुद्राची हवा."

सगळ्यांच्या वस्तू गंजलेल्याच होत्या त्या मंगळवारी.

ढग दुपारी उठला, विमान गेलं, एकविसाव्या मिनिटाला निरोप आला. मेरेलिन खुर्चीतून उठली नाही. मामा कंटाळून दारात बसले.

"मामा, अपघातानंतर शंभराव्या दिवसाच्या जेवणाला पाद्रीबाबांनी नावं वाचली तेव्हा जावयाचंही वाचलं होतं ना?"

"वाचलं की. मी तिथेच होतो."

"पण ते जमिनीवर. विमानात तो बसला तेव्हा त्याला कोणी हाक मारली नाही. सहांना मारली. ते सहा सुटले, जिथे जायचं तिथे गेले. तो पट्टा बांधून बसलाय. ज्याचं नाव यादीत नाही त्यानं उतरायचं कसं? मीच तर सगळ्यांना सांगते, नाव घेतल्याशिवाय कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही."

मामांना बोलणं कुठे चाललंय ते कळलं. त्यांनी मान हलवली. "मी वाचतो. गुरुवारी मी वाचतो, मीच वाचायचं होतं."

"तुम्ही चौथ्या दिवशी वाचलंत, मामा. उपयोग झाला?"

"मेरेलिन, अगं, सासूनं नाव घेतलं तर त्याच्या माणसांपुढे तुझं तोंड राहणार नाही. सुळेवालं डुक्कर द्यावं लागेल, दहा चटया द्याव्या लागतील. आणि तू ते घरात बोलणार नाहीयेस. वायरलेसवर अकरा बेटं ऐकत असतात. त्या पलीकडच्या बेटावरचा तो टोआ, त्याला तर दुसरा उद्योग नाही."

"ऐकू दे."

"आणि लोसाना? तिला तो तिच्या नवऱ्याचा अपमान वाटला तर? आता निदान किलो तरी सांगते. तेही बंद करेल."

हे मात्र मेरेलिनला लागलं. आठवड्यातून दोनदा नावं, किलो, वेळ. तेवढंच तिच्याकडे उरलेलं होतं. ती बराच वेळ वहीतल्या एकविसांवरून बोट फिरवत राहिली.

"ती दोन मिनिटं दाराशी उभी असते, मामा," ती म्हणाली. "आठवड्यातून दोनदा. पाच वर्षं."

गुरुवारी आभाळ स्वच्छ होतं. सारानची गाय पाण्यात बसलेली. सहा उतारू होते. कॅप्टन मोलीनं दार लावलं, हात केला, विमान गवतावरून धावलं आणि उचललं. पोचवायला आलेली माणसं गवतावर बसली.

"सारान, वोरेम बोलतेय. दहा वाजून दहा मिनिटांनी उडालं."

"बोल, वोरेम."

तिनं सहा नावं वाचली. सातव्या ओळीत तिनं आदल्या रात्री काही लिहायचा प्रयत्न केला होता आणि हात चालला नव्हता; ओळ कोरी होती. दारात मामा उभे होते. या वेळी ते कुठेही गेले नव्हते.

मागून कोणीतरी खाकरलं. हळू, अदबीनं, वाटेवरून बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. सवयीनं मेरेलिनची मान वळायला लागली. तिनं ती वळू दिली नाही.

"आणखी एक," ती म्हणाली. "सायलस तारीवुती. एकाहत्तर किलो. टोपली बारा. वोरेम ते सारान."

गवतावरची एकूण एक मान वर झाली. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला. वायरलेसमधून कुठल्यातरी बेटावरून टोआचा आवाज आला, "हे काय ऐकलं मी? कोण बोललं हे?" आणि मग दुसऱ्या कुठल्या बेटावरून एक बाई त्याला म्हणाली, "गप बस, मेल्या." मग खरखर.

सारानकडून काही नाही.

"लिहिलंस, सारान?"

नाहीच.

मेरेलिन बसून राहिली. पाच मिनिटं, आठ मिनिटं. तिला वाटलं, मामा म्हणाले तसंच झालं, आता किलोही बंद. शरमेनं तिचे कान तापले होते. आयुष्यभर ज्या तोंडाकडे पाहिलं नाही त्याचं नाव अजून जिभेवर होतं, अनोळखी फळाच्या बीसारखं, गिळताही येईना आणि थुंकताही. बारा मिनिटं. विमान आता त्या जागी असेल. ती जागा कुठली, ते कोणालाच माहीत नव्हतं, पण तिनं पाण्यावर एक जागा ठरवून ठेवली होती. पंधरा. सतरा.

दारात टक्क असा आवाज झाला, स्प्रिंग सुटल्यासारखा. मामांनी काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काही न बोलता ते काट्यापासून दोन पावलं बाजूला सरले. वाट द्यावी तसे.

दहा एकोणतीस.

"वोरेम. सारान. उतरलं."

मेरेलिननं घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. पेन हातात धरून तिनं विचारलं, "दार?"

"लावलं." लोसाना म्हणाली. "त्याला लगेच लावू दिलं. कॅप्टन विचारत होता, आज थांबायचं नाही का. म्हटलं, नाही."

मेरेलिननं वहीत एकोणीस लिहिलं. आकडा डगमगला, तिनं तो पुन्हा गिरवला.

"माझ्या सासूबाईंना डुक्कर द्यावं लागेल," पलीकडून आवाज आला. अकरा बेटं श्वास धरून ऐकत असणार. "सुळेवालं. लहानसहान देऊन भागणार नाही. त्या रागावणार आहेत."

"देईन. चटया पण देईन. बोटीनं घेऊन येते."

"बोटीनं डुक्कर पाठव. तू बोटीनं येऊ नकोस, तुला बोट लागते." खरखर. मग, जरा हळू, "मंगळवारच्या विमानानं ये ना, आई. एकोणीस मिनिटं तर आहेत."

सहा वर्षांत मेरेलिन त्या विमानात बसली नव्हती. दुसऱ्यांना चढवत होती, ते वेगळं. तिनं खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. पाणी होतं तसंच होतं, काही कबूल न करणारं.

"लिहून घे," ती म्हणाली. "मंगळवार. मेरेलिन बुले."

"किलो?"

आईलाही हिनं किलोच विचारावेत. मेरेलिन उठली, वायरलेसची वायर ताणत दारापर्यंत आली, चपला काढल्या. काट्याच्या रबरावर हजारो पायांनी घासून दोन खळगे पडले होते, रुंद. सुई शून्यावर होती. ती क्षणभर थांबली, कोणाचा तरी पाय आधी निघून जाऊ द्यावा तशी, आणि त्या खळग्यांत आपले पाय ठेवून उभी राहिली.

सुई थरथरली, वर गेली, थांबली. मामा गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि डोळे बारीक करून बघू लागले.

"मोठ्यानं सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा," मेरेलिन म्हणाली. "तिला ऐकू जाऊ दे."